उतारा मागणारी बाई

दुपारी ओपीडी चालू होती तेव्हा नांदेडहून ट्रंककॉल आला. ऑपरेटरने कॉल जोडून दिला. पलीकडून ताईचा भाऊ बोलत होता. त्याने सांगितलं, ताई सकाळी गेली. मी फोन ठेवला. बाहेर पेशंट बसले होते. मी त्यांना तपासलं.

ती माझी सख्खी ताई नव्हती. वैद्यकीय महाविद्यालयात ती माझ्या दोन वर्षं पुढे होती, आणि आमच्या वसतिगृहात पुढच्या मुलींना ताई म्हणायची पद्धत होती. पदवी मिळाल्यावर बाकीच्या ताया मॅडम झाल्या. ही ताईच राहिली. पुढे ती नांदेडच्या एका दवाखान्यात लागली, मी लातूर जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात. दोघींची नेमणूक बाळंतपणांसाठी होती. त्यासोबत आम्ही दोघी अफूच्या पेशंटांवर उपचार करायचो. ते करायला आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि शिकवलं तर मुळीच नव्हतं. आमच्या पाठ्यपुस्तकात या विषयाला जेमतेम दीड पान होतं, त्यातलं बरंचसं अफूच्या झाडाच्या वर्णनात गेलं होतं. झाड आमच्याकडे कधी आलं नाही. माणसं येत राहिली.

ताई हे कुठे शिकली, असं लोक विचारायचे. ती उमरीच्या बाजूला नोकरीला होती तेव्हा तिने एका म्हाताऱ्याची अफू एका दिवसात बंद केली होती. पुस्तकात तसंच लिहिलेलं होतं. म्हातारा दवाखान्याची भिंत चढून पळून गेला. नंतर तिने दुसऱ्याची हळूहळू कमी केली. तो भिंत चढला नाही. पेशंट आपल्याला शिकवतात, असं निवृत्तीच्या भाषणात म्हणायची आपल्याकडे रीत आहे. ऐकायला गोड वाटतं. खरं म्हणजे पेशंट पळून जाऊन शिकवतात, आणि कोण पळालं याची विचारपूस करणारे डॉक्टर मी माझ्या नोकरीत फार थोडे पाहिले.

आमच्या भेटी अहमदपूरच्या एसटी स्टँडवर होत. ते नांदेड आणि लातूरच्या साधारण मधोमध पडतं. पंधरा दिवसांतून एका रविवारी ती तिकडून लोह्यामार्गे यायची, मी इकडून चाकूरमार्गे जायची. कँटीनमध्ये पंख्याखालचं टेबल धरायचं आणि पेशंटांबद्दल बोलायचं. ताईचा एक नियम होता. आपला पेशंट आपण सांगायचा नाही. मागच्या भेटीत ऐकलेला दुसरीचा पेशंट सांगायचा. मी तिचे सांगत असे, ती माझे. ती म्हणायची, आपला पेशंट सांगताना माणूस स्वतःची वकिली करतो. दुसरीच्या तोंडून आपला पेशंट ऐकताना मला कळायचं की त्या माणसाला रात्री झोप लागते का, हे मी विचारलंच नव्हतं. त्याच्या घरात अजून कोण घेतं हे मला ठाऊक नव्हतं. आणि जे मी ठासून सांगितलं होतं ते माझं अनुमान होतं. ताई कधी चूक दाखवत नसे. ती फक्त सांगत जायची आणि जिथे माहिती संपेल तिथे थांबून चहाचा घोट घ्यायची. ते घोट मला अजून आठवतात.

दुसरा नियम एका शब्दाचा. "सुटला" म्हणायचं नाही. "आला" किंवा "आला नाही", एवढंच.

पुढच्या टेबलावर एक हवालदार बसायचा. दोन-तीन रविवार तो आमच्याकडे पाठ करून बशीतला चहा फुंकत राहिला. एका रविवारी खुर्ची ओढून जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, माल कुठला म्हणायचा?"

"सरकारी," ताई म्हणाली.

"सरकारी कसा?"

"कपाटातला. साहेबांची सही झाल्याशिवाय थेंब निघत नाही. तुम्ही आणा की सही करून, आम्ही दोन वर्षं मागून राहिलोय."

हवालदार उठून गेला. त्या स्टँडवर आमच्या कामात रस दाखवणारा तो पहिला आणि शेवटचा सरकारी माणूस.

आमचे साहेब म्हणजे दवाखान्याचे प्रमुख. जिल्हा नवा होऊन फार वर्षं झाली नव्हती. दवाखान्याच्या पाटीवरचा "जिल्हा उस्मानाबाद" पांढऱ्या रंगाने बुजवून त्यावर "जिल्हा लातूर" लिहिलं होतं. रंग पातळ होता. उन्हात दोन्ही जिल्हे दिसायचे. केसपेपर जुन्याच छपाईचे होते, त्यावर नवा शिक्का मारायला एक माणूस दिवसभर बसे. या सगळ्याला विकास म्हणत. त्या वर्षी आमच्याकडे कुपनलिका कोरडी पडली, हत्यारं उकळायला पाणी टँकरने यायचं आणि टँकर आला नाही तर शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या जायच्या. पण साहेबांच्या खोलीत नव्या जिल्ह्याचा नकाशा लागला होता आणि साहेब भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काठीने हद्द दाखवायचे. त्यांच्या बोलण्यात "जिल्ह्यात पहिला" हे शब्द वारंवार येत. जिल्ह्यात पहिलं रक्तदान, जिल्ह्यात पहिलं नेत्रशिबिर. जिल्हाच नवा म्हटल्यावर तिथे काहीही केलं तरी पहिलंच ठरणार, हे त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

त्या उन्हाळ्यात ती बाई आली.

ती रेणापूरकडची होती. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायची. काखेत लेकरू, वय वर्षाच्या आतलं. केसपेपरच्या खिडकीवर ती म्हणाली, उतारा पाहिजे. खिडकीतल्या कारकुनाने वर न पाहता सांगितलं, उतारा तहसीलला मिळतो. ती चालत तहसीलला गेली. तिथल्या शिपायाने गट नंबर विचारला. ती म्हणाली, गट न्हाई, अंग फुटून राहिलंय. शिपायाला वाटलं, जमिनीच्या वाटणीवरून मारहाण झाली आहे. त्याने तिला पोलीस ठाण्याची वाट दाखवली. ती ठाण्यात गेली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आमच्या खिडकीवर आली आणि तेच म्हणाली. या वेळी रांगेतले लोक हसले. कारकुनाने ही गंमत वर्षभर सांगितली. सात-बारा मागायला दवाखान्यात आलेली बाई, असं तिचं नाव पडलं.

शब्दकोश काढून पाहा. उतारा म्हणजे पुस्तकातला वेचा. उतारा म्हणजे तलाठ्याकडचा कागद. उतारा म्हणजे तिठ्यावर ठेवलेला लिंबू-भात, जो ओलांडू नये म्हणतात. उतारा म्हणजे घाट संपल्यावरचा रस्ता. आणि उतारा म्हणजे विषावर किंवा अमलावर दिलेलं औषध. कोशात हे सगळे अर्थ शेजारी शेजारी नांदतात. खिडकीवर एकच शिल्लक राहतो. त्या बाईने अगदी बरोबर शब्द वापरला होता. तिचा अमल उतरत चालला होता आणि ती त्यावरचं औषध मागत होती. मराठी तिला येत होती. खिडकीला येत नव्हती.

तिने मला जे सांगितलं ते असं. कामावर सगळ्याच बाया लेकरांना अफू चाटवत. ज्वारीच्या दाण्याएवढी, कधी त्याहून कमी. सासूने तिला दाखवलं होतं, सासूला तिच्या सासूने. निजामाच्या राज्यात अफूचं दुकान परवान्याचं होतं, तेव्हापासूनची ही रीत. लेकरू झोळीत दिवसभर निजतं आणि आईचा हात मोकळा राहतो. बाळंतपणानंतर लवकरच ती कामावर आली होती. कंबर धरायची, हात उचलायचा नाही. एक दिवस तिने लेकराच्या वाटणीतलं स्वतः चाटलं. हात उचलला. मग ती रोज घेऊ लागली, मग लेकरापेक्षा कितीतरी जास्त. आता मिळालं नाही की जांभया येत, नाक गळे, पाय आपोआप झाडले जात. लेकराचंही तेच.

"म्या न्हाई घेतलं तर त्ये बी रडून राहतंय," ती म्हणाली. "मला मरू द्या, बाई. त्येचं बगा."

तलावाच्या कामाच्या पाहणीला एक वरिष्ठ अधिकारी आले होते. झाडांना झोळ्या बांधलेल्या, त्यात लेकरं निजलेली, एकही रडत नाही. ते म्हणाले होते, मजुरांची मुलं किती शहाणी असतात. हे वाक्य मला स्वतः साहेबांनी कौतुकाने सांगितलं.

मी त्याच दिवशी नांदेडला कॉल लावला. तो लागला दुपारनंतर. मी ताईला विचारलं की दाखल करून दोघांची बंद करू का. पुरुषांचं मी केलं होतं, पण अंगावर पिणारं लेकरू असलेली बाई माझ्याकडे पहिलीच होती. लाईन खरखरत होती.

ताई म्हणाली, "ती काय मागून राहिली म्हणालीस?"

मी म्हणाले, "उतारा."

"मग तेच दे. उतारा म्हणजे उतार, अगं. कडा नाही. कड्यावरनं सगळेच लवकर खाली पोचतात."

तिने पद्धत सांगितली. आधी आईला कपाटातलं अफूचं टिंक्चर ठरल्या वेळी द्यायचं, म्हणजे ती बाहेरून घेणार नाही आणि लेकराला चाटवणार नाही. मग लेकराचं कमी करत संपवायचं, दवाखान्यात, डोळ्यांसमोर. ते संपलं की आईचं. आईचं किती दिवसांत, हे मी विचारलं. ती म्हणाली, ते ती बाई सांगेल.

टिंक्चरच्या कपाटाची किल्ली औषधभांडारात असे, पण प्रत्येक वेळी साहेबांची सही लागे. पहिल्या दिवशी त्यांनी सही केली. नवा कायदा आला होता, अफू जवळ बाळगणारा तुरुंगात जाणार होता, आणि साहेबांना असं काही हाताळण्यात थोडं शौर्य वाटत होतं. लेकराचं काम झालं. बरेच दिवस ते रडलं, वॉर्डातल्या बाळंतिणी वैतागल्या, त्यातल्या एकीने माझ्यादेखत म्हटलं की डॉक्टरीणबाईला लेकराला गप करता येत न्हाई. नंतर ते दिवसा जागं राहू लागलं. आईला ते नवीन होतं. जागं लेकरू दिवसभर काय करतं, हे तिने आधी पाहिलंच नव्हतं.

मग ती कामावर परतली आणि रोज सकाळी टँकरसोबत येऊ लागली. आमच्या गावातल्या विहिरीवर टँकर भरून तलावाच्या कामावर जायचा. ड्रायव्हर तिला पुढे बसवून आणायचा, ती औषध घेऊन त्याच टँकरने परत जायची. सकाळच्या ओपीडीआधी मी तिला पाहत असे. दर काही दिवसांनी थोडं कमी. तिचा हात पुन्हा दुखू लागला की तिथेच थांबायचं, पुढे ढकलायचं नाही. ताईचं सगळं शिक्षण या थांबण्यात होतं. आमच्या धंद्यात थांबायला कोणी शिकवत नाही. थांबलेला डॉक्टर आळशी दिसतो.

अहमदपूरच्या पुढच्या भेटीत ताईने ती बाई मला सांगितली. तिच्या सासूपर्यंत सांगितली आणि मग चहाचा घोट घेतला. नवऱ्याबद्दल मी काहीच विचारलं नव्हतं. मी ताईकडे पाहिलं तेव्हा मला तिचे डोळे पिवळे वाटले. मी तसं म्हणाले. ती म्हणाली, "चष्मा पूस तुझा." मी पुसला. डोळे पिवळेच होते.

ती काविळीने गेली. नांदेडला गोदावरी आहे, तरी त्या वर्षी तिच्या वस्तीत टँकरच फिरत होते. आजूबाजूला काविळीचे पेशंट वाढल्याचं तिनेच वर कळवलं होतं. पाण्याचे नमुने तपासायला गेले. अहवाल ती गेल्यावर आला. पाणी पिण्यास योग्य होतं.

पुण्यानुमोदनाला मी गेले. तिचं घर छप्पन साली बौद्ध झालेलं. वडील शिक्षक, भाऊ बँकेत. मांडवात पांढरे कपडे, समोर तिचा फोटो, तो नोकरीच्या अर्जासाठी काढलेला असल्यामुळे त्यात ती कोणावर तरी रागावलेली दिसत होती. नंतर भाषणं झाली. तिच्या दवाखान्यातले एक मोठे डॉक्टर बोलले. त्यांनी तिच्या वॉर्डाला अनेकदा अफूखाना म्हटलेलं मी स्वतः ऐकलं होतं, आणि ती कोट्यातून आली, तिच्याकडून आणखी काय होणार, हेही. आता ते म्हणाले की तिचं कार्य दीपस्तंभासारखं आहे. नांदेडपासून समुद्र किती लांब आहे, याचा विचार न करता आपल्याकडे प्रत्येक मेलेल्या माणसाचा दीपस्तंभ करतात. दुसऱ्या वक्त्याने तिचं मधलं नाव चुकवलं. तिच्या पेशंटांपैकी काही जण मांडवाच्या कडेला उभे होते. त्यांना कोणी बसा म्हणालं नाही, कारण ते कोण आहेत हे कोणाला माहीत नव्हतं. त्यांना ओळखणारी एकच होती.

शेवटी पंचशील झालं. पाचव्या शीलापाशी मला ताईचं एक बोलणं आठवलं. मी शेतकरी मराठा घरातली, मला ते पाली शब्द येत नव्हते, म्हणून तिने एकदा बसची वाट पाहताना समजावून सांगितलं होतं. त्यात मी नशा करणार नाही अशी शपथ नाही, ती म्हणाली होती. त्यात शिक्षापद असा शब्द आहे. शिकायची गोष्ट. आज घेतली, मोडली, उद्या पुन्हा घ्यायची. म्हणून तर रोज म्हणतात. शपथ असती तर एकदाच म्हणून मोकळे झालो असतो.

मी परत आले त्याच आठवड्यात साहेबांनी मला बोलावलं. व्यसनमुक्ती मेळावा ठरला होता. मंत्री येणार होते. आमचा जिल्हा व्यसनमुक्त म्हणून पहिला जाहीर व्हायचा होता. कुठल्या व्यसनातून, किती माणसं, कोणी मोजली, या गोष्टी गौण होत्या. साहेब म्हणाले, दारूचे पुरुष पुष्कळ आहेत, पण अफूची बाई दुसऱ्या कोणत्याही तालुक्याकडे नाही.

"तुमची ती खडीवाली," ते म्हणाले. "सोडली ना तिने?"

"उतरतेय, सर. मध्यावर आहे."

"मध्यावर म्हणजे काय, मॅडम? माणूस एक तर पितो, नाही तर पीत नाही."

"अजून वेळ लागेल."

"मग उतरवा लवकर. मंत्र्यांची तारीख काय तिच्या कमरेला विचारून घ्यायची?"

मी नाही म्हणाले. तिला मंचावर पाठवणार नाही, असं सरळ सांगितलं. ताई असती तर मी तिला विचारलं असतं आणि तिने यापेक्षा हुशार काही सुचवलं असतं. साहेबांनी माझ्याकडे एखाद्या नापास विद्यार्थ्याकडे पाहावं तसं पाहिलं आणि विषय सोडला. मला वाटलं, संपलं. साहेबांसारखी माणसं विषय सोडतात तेव्हा तो दुसऱ्या दाराने आत आणतात, हे मला तोवर कळायला हवं होतं. त्यांनी मुकादमाला निरोप धाडला. मुकादमाने बाईला सांगितलं की मंचावर गेली तर हजेरी लागेल आणि लुगडंही मिळेल. ती गेली. कोण जाणार नाही.

मेळाव्यात मी मागे उभी होते. लेकरू तिच्या काखेत होतं. फोटोग्राफरने तिला लेकरू दुसऱ्या बाजूला घ्यायला सांगितलं, कारण शपथेचा हात झाकला जात होता. शपथ छापील होती. त्यात आजन्म, अलिप्त, कटिबद्ध असे शब्द होते. मंत्री एकेक तुकडा सांगत आणि मंचावरचे तो म्हणत. टाळ्या झाल्या. लुगडं तिला मंत्र्यांच्या हातून मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला म्हणाली, "त्येनी काय म्हणलं ते मला कळलं न्हाई, बाई. पर मी म्हणलं सगळं."

मी औषधासाठी चिठ्ठी पाठवली. ती तशीच परत आली. वर साहेबांच्या अक्षरात लिहिलं होतं की रुग्ण व्यसनमुक्त असल्याने औषधाची आवश्यकता नाही.

मी त्यांच्या खोलीत गेले. ते नकाशासमोर उभे होते. मी सांगितलं की आज बंद केलं तर ती दोन दिवसांत तलावावरच्या अफूवाल्याकडे जाईल, लेकराला पुन्हा चाटवेल, आणि तिला पकडलं तर मेळाव्यातल्या फोटोवरून ओळखायला सोपं जाईल.

साहेब म्हणाले, "काल मंत्र्यांसमोर तिने शपथ घेतली. आज मी तिला अफू दिली तर खोटं कोण ठरेल? ती ठरेल, मॅडम. मी तिच्या इभ्रतीचा विचार करतोय."

हे ते मनापासून बोलत होते. मला पुढे कित्येक वर्षं राग येत राहिला तो त्या मनापासूनपणाचा.

बाई बाहेर कट्ट्यावर बसली होती. टँकर निघून गेला होता. तिला जांभया सुरू झाल्या होत्या. लेकरू तिच्या पदराशी खेळत होतं, जागं. मी तिला विचारलं, नांदेडला येतेस का. तिने कारण विचारलं नाही. तिने एवढंच विचारलं की तिथं उतारा मिळेल का. मी म्हणाले, मिळेल. ते मला ठाऊक नव्हतं.

आम्ही रजेचा अर्ज टाकून, म्हणजे मी टाकून, बसने निघालो. अहमदपूरच्या पुढे तिला जुलाब सुरू झाले. कंडक्टरने दोनदा गाडी थांबवली, तिसऱ्यांदा कुरकुरला. मागच्या सीटवरच्या एका शिकलेल्या गृहस्थाने मला इंग्रजीत विचारलं की मोलकरीण आहे का. मी मराठीत सांगितलं, पेशंट आहे. त्यानंतर त्याने तोंडाला रुमाल लावला आणि नांदेडपर्यंत काढला नाही.

ताईच्या वॉर्डात तिच्या जागी एक तरुण डॉक्टर आला होता. तिच्याच टेबलाशी बसायचा. मी कोण ते सांगितलं, बाईबद्दल सांगितलं. तो उठून उभा राहिला.

"मॅडम, मला यातलं काही येत नाही," तो म्हणाला. "मी फक्त तात्पुरता आहे."

"आम्हालाही येत नव्हतं," मी म्हणाले. "बसा."

मी त्याला आधी तिची लक्षणं पाहायला लावली, मग लेकराचं वजन घ्यायला. शेवटी उतार समजावला, ताईने मला फोनवर समजावला होता तसाच. त्याने जुलाबाची पेशंट म्हणून दाखल केलं, आणि ते खोटं नव्हतं. टिंक्चरच्या कागदावर त्यांच्या प्रमुखांची सही लागत होती. ते प्रमुख जेवणाच्या आधी समोर येईल त्या कागदावर न वाचता सही करतात, असं ताई एकदा म्हणाली होती. जेवणाच्या आधी तो कागद गेला. सही झाली. माझ्या आयुष्यात प्रशासनाचा इतका थेट उपयोग मला पुन्हा झाला नाही.

संध्याकाळपर्यंत तिचं पाय झाडणं थांबलं. तरुण डॉक्टरने विचारलं, किती दिवसांत सुटेल. मी त्याला सांगितलं की हा शब्द या वॉर्डात वापरत नाहीत. तो ओशाळला. मग म्हणाला, नाही वापरत तर काय म्हणतात. ताईबद्दल बोलायची माझी ती पहिली वेळ, ती गेल्यानंतरची.

बाई तिथे बरेच दिवस राहिली आणि नंतर महिन्याकाठी नांदेडला जात राहिली. मला साहेबांचा मेमो आला: परवानगीशिवाय रुग्ण जिल्ह्याबाहेर नेला. नव्या जिल्ह्याची हद्द ओलांडणं हा गुन्हा जिल्ह्यात पहिलाच असावा. माझी बदली किल्लारीच्या बाजूला झाली. तिथून अहमदपूर लांब पडायचं, दोन गाड्या बदलाव्या लागायच्या, तरी आम्ही भेटत राहिलो, मी आणि तो तरुण डॉक्टर. पहिल्या भेटीत त्याने माझा पेशंट सांगायचा प्रयत्न केला आणि तिसऱ्या वाक्याला अडकला. मी चहाचा घोट घेतला. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही मुद्दाम करून राहिल्या." मी म्हणाले, हो. त्याची नेमणूक तात्पुरतीच होती. तो अठरा वर्षं तिथे राहिला.

आता या गोष्टीला नाव आहे. डॉक्टरांनी डॉक्टरांना शिकवावं, अनुभवी व्यक्तीने नव्याला साथ द्यावी, असा कार्यक्रम संगणकाच्या पडद्यावर चालतो, आणि मला त्यात मेंटॉर म्हणून बोलावतात. दर वेळी सुरुवातीला कोणीतरी मान्यवर दहा मिनिटं बोलतात आणि मग त्यांचा आवाज बंद असल्याचं कोणीतरी सांगतं. तालुक्याचा एक डॉक्टर मुलगा रंगीत चौकटीत आपला पेशंट दाखवतो, शेवटच्या चौकटीवर यश असं लिहिलेलं असतं. मी विचारते, आला का नंतर. तो कागद चाळतो. संयोजक म्हणतात, मॅडम, वेळ कमी आहे. प्रमाणपत्र दुसऱ्या दिवशी येतं, त्यावर माझ्या नावाआधी डॉक्टर दोनदा छापलेलं असतं. तरी मी जाते, कारण त्या मुलांपैकी एखादा नंतर फोन करतो आणि म्हणतो की तो पेशंट आला नव्हता, तुम्ही सांगा. त्याला मी सांगते.

मेळाव्याचा फोटो बराच काळ त्या दवाखान्याच्या भिंतीवर होता. जिल्ह्याला व्यसनमुक्त म्हणून जाहीर केलं त्याचा शासकीय आदेश कधी मागे घेतला गेल्याचं माझ्या वाचनात नाही, म्हणजे कायद्याने पाहिलं तर ती बाई आणि तिच्यासारखे सगळे त्या दिवसापासून नाहीतच. तिचा उतार एका जागी येऊन थांबला. तिथून खाली आणलं की कंबर धरायची, हात उचलायचा नाही. आम्ही तिथेच थांबलो. पुढे टिंक्चरऐवजी जिभेखाली ठेवायच्या गोळ्या मिळू लागल्या तेव्हा तिला त्या सुरू केल्या.

लेकरू मुलगी होती. तिचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली. बाई रेणापूरला तिच्याजवळ राहते, गोळी रोज सकाळी घेते, आणि महिन्याच्या महिन्याला दवाखान्यात येते.